गोलकीपरचा आवाज

मैदानावर चूक झाली की खेळाडू हात वर करतो. माझ्याकडून झालं, असं सगळ्या स्टेडियमला सांगतो आणि पुन्हा पळायला लागतो. ते बघितलं की हल्ली मी मान खाली घालतो.

आमच्या गावची फुटबॉल टीम देशातल्या दुसऱ्या नंबरच्या लीगमध्ये खेळते. आख्खा सीझन मी गोलमागच्या पायऱ्यांवर बसून आमच्या गोलकीपरचा घोगरा आवाज काढला. "सोड, माझा बॉल!" पब्लिक खूश. शेवटची मॅच नुसती बरोबरीत सुटली असती तरी आम्ही वरच्या लीगमध्ये जाणार होतो. शेवटची दोन मिनिटं राहिली होती. शेजारचा म्हणाला, "काढ की लेका, एकदा." मी काढला. आमच्या डिफेंडरनं तो ऐकला आणि पायाशी आलेला बॉल सोडून दिला. समोरच्यानं गोल मारला.

गोलकीपर त्याला शिव्या घालत होता. डिफेंडरनं गुपचूप हात वर केला. कबूल करायला एवढासाच वेळ लागतो. माझे दोन्ही हात मांडीखाली होते.

मॅच संपल्यावर मी त्या डिफेंडरला गेटपाशी गाठलं. "दादा, मघाशी तो..." म्हणालो आणि अडकलो. त्याला वाटलं, मला फोटो पाहिजे. दुसऱ्या लीगमधल्या खेळाडूला, तेही हरल्यावर, फोटो मागतं कोण? "ये की भावा," म्हणत त्यानं मला जवळ ओढलं. मी मुकाट्यानं मोबाईल काढला.

फोटोत त्याचे डोळे लाल दिसतात. मी मात्र छान हसलोय.