दुसऱ्याचा दोर

अट मीच घातली होती, केजला आमच्या ओट्यावर चहा पिता पिता. "मी एकदा येते तुमच्या होडीवर. रत्नागिरी ते मालवण. वाटेत कुणी एकदा जरी दोर लावून ओढून नेलं, तर होडी इकायची आन् गुमान घरी बसायचं. न्हाई नेलं, तर मी पुन्ना त्या होडीबद्दल चकार शब्द काढणार न्हाई." आमचे हे लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की मलाच शंका आली.

यांची नोकरी नौदलातली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं हे पाण्यावर आणि मी शेतात. मुलगी, म्हशी, विहिरीवरचं डिझेल इंजिन, सगळं माझ्या गळ्यात. निवृत्त झाल्यावर तरी माणूस घरी टिकेल, संध्याकाळी समोर बसून दोन घास खाईल, एवढंच मला हवं होतं. यांनी काय केलं, तर रत्नागिरीला जाऊन एक जुनी शिडाची होडी घेतली! गेल्या वर्षी एका जुन्या दोस्ताला घेऊन हे फिरले, तेव्हा ती दोनदा भर समुद्रात बंद पडली आणि दोन्ही वेळा मच्छीमारांनी ओढून आणली. आता तिसऱ्यांदा पडणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर ती पडावी म्हणूनच मी तिच्यात बसले.

निघताना खताच्या धुतलेल्या पोत्यात ज्वारीचं पीठ भरून घेतलं, तोंड सुतळीनं शिवलं आणि दाभण त्यातच खोचून ठेवलं.

"तीन दिवस जायचंय, तीन महिने न्हाई," हे म्हणाले.

"तुमच्या समुद्रात गिरणी हाय का?" मी म्हणाले. यांनी पोतं उचलून खांद्यावर घेतलं.

जानेवारीतली सकाळ होती. इंजिनावर आम्ही बंदराबाहेर पडलो. एवढं पाणी मी जन्मात एका जागी पाहिलं नव्हतं, आणि त्यातल्या थेंबानं एक वाफा भिजायचा नाही, या विचारानं मला त्या समुद्राचा रागच आला. तासाभरात इंजिन दोनदा खोकललं आणि गप्प झालं.

"झालं की!" मी म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले. जवळच दोन मासेमारी होड्या होत्या. हाक मारायचा अवकाश, आणि मी जिंकले असते.

यांनी झाकण उघडलं आणि नुसतं बघत बसले. नौदलात यांचं काम वर, दिव्या-निशाणांनी संदेश द्यायचं. इंजिनखोलीत यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे एक नट पिळायचे, तो सोडून दुसरा पिळायचे. मी मुद्दाम त्या मासेमारी होड्यांकडं बघत राहिले. पण तो खोकला माझ्या ओळखीचा होता. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज मी शिवाराच्या पलीकडून ओळखायची. ते नीट चाललंय की रडतंय, हे भाकरी थापता थापता सांगायची. चुकीच्या नटावर पाना फिरताना मला बघवेना.

"सरका तिकडं. हवा धरलीय त्येनं."

डिझेलच्या गाळणीवरचा नट ढिला केला, छोटा दांडा वरखाली केला. फेस आला, बुडबुडे आले, मग नितळ धार आली. नट आवळला, हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्यात इंजिन धडधडलं आणि माझ्या तोंडून "हां!" असा आवाज निघाला, अगदी शेतात निघायचा तसाच.

"तुला कसं कळलं?" हे आ वासून विचारत होते.

"तुमी नव्हता तवा इंजिन काय शेजारी चालवायचे?"

मग लक्षात आलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

दुपारी वारा आला. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे मी घोकून पाठ केले होते, दिवसा समुद्राकडून जमिनीकडं, रात्री उलट. केजात बसून मला त्याचा काय उपयोग होता? इथं तो वारा वेळेवर, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा आला. यांनी शीड चढवलं, इंजिन बंद केलं. होडी एका अंगावर कलली आणि सुटली! आवाज नाही, धूर नाही, डिझेल नाही, आणि तरी पळतेय. पाण्याचे तुषार तोंडावर येत होते, पदर कमरेला खोचला होता, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. का हसतेय ते मलाही कळत नव्हतं. यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दांड्याला पकड यावी म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती.

"वारा उजव्या अंगाला ठेव. लई जोर लावू नकोस."

"मला बैल हाकता येतात," मी म्हणाले. विजयदुर्ग येईपर्यंत तो दांडा मी यांना परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी देवगडच्या अलीकडं शीड फाटलं. फाडकन आवाज आला आणि हातभर भोक पडलं. हे खाली बसले. चेहरा असा उतरला, की पैज जिंकण्यातली माझी मजाच गेली. मी पीठ डब्यात उपसलं, पोतं कापलं, दुहेरी तुकडा केला आणि दाभण काढलं. होडी हेलकावे खात होती, दोनदा दाभण बोटात घुसलं, मी समुद्राला दोन शिव्या दिल्या आणि टाका सोडला नाही. पोत्यांची तोंडं शिवत माझं आयुष्य गेलंय, हे तर एकच पोतं होतं. शीड वर गेलं तेव्हा त्यावर 'रासायनिक खत' ही अक्षरं उलटी दिसत होती.

"नौदलात असलं काही पाहिलं न्हाई मी," हे म्हणाले.

"नौदलात बायका न्यायच्या व्हत्या मग," मी म्हणाले. हे खळखळून हसले. इतक्या वर्षांत यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. पाहणार कधी? मी तिकडं नव्हते आणि हे इकडं नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला मालवण दिसू लागलं. सिंधुदुर्ग किल्ल्याची भिंत समोर आली आणि मला खरंच उड्या माराव्याशा वाटल्या. तेवढ्यात वारा पडला. इंजिन लावलं तर पाचच मिनिटांत वाफेचा लोट! थंड पाण्याचा रबरी पाइप फाटला होता. इंजिन बंद केलं. होडी हळूहळू खडकांकडं सरकायला लागली. पाण्यातून वर आलेले काळे खडक आता नीट दिसत होते. यांनी नांगर टाकला, पण तो घसरत होता.

मी दांड्यावरची ट्यूबची पट्टी सोडवली आणि फाटलेल्या पाइपवर ताणून गुंडाळायला लागले. शेतातला पाइप असाच बांधतात. हात भाजत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "होडी येतेय."

मान वर केली. एक छोटी होडी आमच्याकडंच येत होती. एक माणूस वल्हं मारत होता आणि दुसरा पुढं उभा राहून दोराचं वेटोळं डोक्यावर हलवत होता. यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग शिडाच्या खांबावरून हात फिरवला, घरातली म्हैस विकताना फिरवतात तसा.

मला हेच हवं होतं ना? तीन दिवस याच दोराची वाट बघत होते ना मी? दोर हवेत सुटायच्या बेतात होता आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "नको! आवं नको! दोर टाकू नका! आमचं आमी जातो!"

दोरवाला गोंधळून थांबला. मग ओरडला, "अगे वयनी, आमी तुमका ओढूक नाय इलंव! आमचाच मशीन बंद पडला हा. तुमीच आमका ओढा!"

आणि मग माझ्या कानांना कळलं, की त्या होडीच्या इंजिनाचा आवाजच येत नव्हता. इंजिनाचा आवाज ओळखणारी मी, आणि तो नाहीये हेच मला ऐकू आलं नव्हतं!

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. पट्टीची शेवटची गाठ मारली, हँडल फिरवलं. इंजिन लागलं, यांनी नांगर वर ओढून घेतला. वाफ नाही, गळती नाही. खडक दूर जायला लागले. त्या दोघांचा दोर मी झेलला आणि आमच्या होडीच्या मागच्या कड्याला माझ्या हातानं बांधला. गाडीवर कडबा रचून आवळतात ती गाठ, ओढ बसेल तशी घट्ट होणारी.

आम्ही मालवणच्या बंदरात शिरत होतो, मागं ते दोघे. हे माझ्याशेजारी सरकून बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुला वाटलं दोर आपल्यासाठीच येतोय. तू जिंकली असतीस. नको कावून म्हणालीस?"

मला होडी विकायची नव्हती. यांच्याविना घरी बसायचं नव्हतं आणि यांना घरी बसवायचंही नव्हतं. हे सगळं मला माझ्याच ओरडण्यातून कळलं होतं.

"पुढं बघा," मी म्हणाले. "मागं माणसं हायेत आपल्या."