साळवे मॅडम आणि घरी जाण्याचं गाणं

साळवे मॅडमच्या गाडीत एकच गाणं वाजायचं. मी आखातात, अल ऐनमधल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती, आणि अल ऐनमध्ये गाडीवाचून माणूस पांगळाच. पहिल्याच दिवशी संगीत शिकवणाऱ्या साळवे मॅडम माझ्यासाठी फाटकाशी थांबल्या. "मराठी ना तू? यल्ला, चल, बस गाडीत." वाटेत एका बाईचा भरदार आवाज संथपणे गात होता. तो संपला, तर तेच गाणं पुरुषांच्या वृंदाने धरलं. मग तेच ट्रम्पेटवर. आठवडाभराने मी धीर करून विचारलं, "मॅडम, दुसरं काही नाही का?"

"आहे की," त्या म्हणाल्या. "याचीच अजून तीसेक रेकॉर्डिंग आहेत."

अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं ते भक्तिगीत. कोणी रचलं, ठाऊक नाही. राबून थकलेली माणसं देवाला म्हणतात, मला आता घरी ने. मॅडमच्या वडिलांनी ते नगरला, मिशनच्या शाळेत, एका मडमेकडून मराठीत शिकून घेतलं होतं. पुढे त्याच शाळेत ते सुतारकाम शिकवू लागले आणि रंधा मारताना तेच गाऊ लागले. 'घर' या शब्दाआधी ते क्षणभर थांबत. "दम लागायचा म्हणून नव्हे हं," मॅडम सांगायच्या. "तो शब्द म्हणायला बाबांना धीर गोळा करावा लागायचा."

नवं रेकॉर्डिंग मिळालं की मॅडम ते नगरला फोनवर पाठवत आणि वडील निकाल देत. "आवाज सोन्यासारखा, पण याला घरी जायचं नाही, स्टुडिओतून सुटायचंय," असा एकाचा निकाल मला अजून आठवतो. चित्रपटांवर तर बापलेकीचा समान राग. मॅडम म्हणत, "सिनेमावाल्यांना हे गाणं कुणीतरी मेल्यावरच आठवतं. जिवंत माणसाला घरी जावंसं वाटत नाही का?"

एका वर्षी त्यांनी स्नेहसंमेलनासाठी ते सहावीला शिकवायला घेतलं. माझी मुलगी त्याच वर्गात होती. पहिली ओळ ऐकताच मुलं फिदीफिदी हसली. "मिस, दॅट्स द फनी साँग," एकजण म्हणाला. कुठल्याशा विनोदी मालिकेत एक दारुडा ते गातो म्हणे. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुझं घर कुठे आहे? कुणी केरळ म्हणालं, पण तिथे दोनदाच गेलेलं. कुणी लाहोर. माझी मुलगी म्हणाली, "हिअर. पण बाबा म्हणतात, बारावीनंतर परत जायचंय." शेवटी एक सुदानी मुलगी उठली आणि हळूच म्हणाली, "इट इज नॉट देअर नाऊ, मिस." त्यानंतर कुणी हसलं नाही.

प्रिन्सिपलसाहेबांना मात्र ते जलद, टाळ्यांच्या तालावर हवं होतं. "टाळ्या हव्यात तर गाणं बदला, सर," मॅडम म्हणाल्या. "हे गाणं तसं नाही." साहेबांनी नाइलाजाने मान्य केलं.

त्याच आठवड्यात मॅडमच्या वडिलांना इस्पितळात हलवल्याचा त्यांच्या भावाचा फोन आला. मी म्हटलं, "तुम्ही निघा, मुलांचं मी बघते." त्या विमानाचं तिकीट काढणार, तेवढ्यात वडीलच फोनवर आले. "पोरांना मध्येच सोडून येऊ नको. गाऊन घे, मग ये." स्नेहसंमेलन दोन दिवसांवर होतं, मॅडम थांबल्या. मुलं संथ गायली, सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा पडला आणि फोन वाजला. बाहेर गाड्यांच्या रांगेत उभं राहून मॅडमनी ऐकून घेतलं. मग मला एवढंच म्हणाल्या, "गेले."

मातीला त्या पोचल्या. परतल्यावर बरेच दिवस गाडीत गाणं नव्हतं. एक दिवस पुन्हा सुरू झालं. "कबरीपाशी लोकांनी हेच म्हटलं," त्या समोर बघत म्हणाल्या. "भराभरा म्हटलं. ऊन होतं ना. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही." आणि मग, "बाबांचा आवाज माझ्याकडे कशातच नाही गं. रोज बोलायचो, एकदाही रेकॉर्ड करावंसं सुचलं नाही. यातलं कुणीतरी बाबा थांबायचे तिथे थांबेल, म्हणून ऐकते."

"थांबलं कुणी?"

"अजून नाही."

तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. इकडे नोकरी संपली की मुक्काम खलास. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ पुण्यात स्थायिक झालेला. नगरचं घर वडिलांमागे बंदच होतं, तिथेच त्या जाणार होत्या. दुबईच्या विमानतळावर मीच त्यांना सोडलं. बॅग ढकलत त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत पहिल्यांदाच परतीचं तिकीट नाही." चेहऱ्यावर आनंद होता, अगदी लहान मुलीचा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "कसं वाटतंय घरी?"

"पोचले. कुलूप उघडलं, झाडून घेतलं," त्या म्हणाल्या. "सगळं जागच्या जागी आहे गं. 'आलीस का' म्हणणारं कुणी नाही, तेवढंच." मग त्यांनी विचारलं, "तुझी आई कशी आहे? कधी गेली होतीस शेवटची?"

दोन वर्षं झाली होती. सुट्टीचं जमत नाही, मुलीचा क्लास असतो, असं मी काहीबाही सांगितलं. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी रजेचा अर्ज दिला.