निरंश

पलूसच्या कचेरीसमोर पत्र्याखाली बसून तो दस्त लिहितो. त्याच्या तोंडी एक जुना शब्द असतो, ‘निरंश’. ज्याला घरात अंश उरला नाही, तो निरंश. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरींचे बाप त्याच्याकडं येतात. हा पोरीशी नातं तोडल्याचा कागद लिहितो आणि मग बापाला पाठमोरं उभं करून, स्मशानात फोडतात तसं खांद्यावरून मडकं फोडायला लावतो. पोर मात्र जिवंत असते. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा असा मडक्यानं फुटत नाही, हे मी, वकील म्हणून, त्याला कितीदा तरी सुनावलंय. तो गोड हसतो.

"आवं ताई, कायदा असू द्या की. पोर निरंश झाली. सरलं."

परवा अशाच एका पोरीला घेऊन गेले. तिला तिचा वाटा हवा होता. बापानं काय लिहून घेतलंय, ते आधी बघायचं होतं. ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"काका, मी आलीय."

त्यानं चष्मा पुसून माझ्याकडं बघितलं. "ताई, उभ्या का? बसा की. खुर्ची रिकामीच हाय."

"माणूस बसलंय तिथं. डोळे फुटले का?"

"कोण वो?" त्यानं वाकून बघितलं. नाटक असतं तर मला कळलं असतं.

मी तिला बाहेर आणलं. म्हणाले, "दावा लावू. वाटा मिळेल तुला."

"लावू की." तिनं माझा दंड घट्ट धरला. "ताई, मी दिसतीय न्हवं तुमाला?"

मी आधी वळून बघितलं, मगच हो म्हणाले.