आगाऊ फेडलेला नवस

बर्लिनहून हॅनोव्हरची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन गोष्टी होत्या: समाजसेवेच्या नेतृत्वावरची जाडजूड फाइल आणि आईने अलिबागहून पाठवलेले पातळ पोहे. मी यहुदी अभ्यासात एम.ए. करत होतो. कोकणातल्या बेने इस्रायल यहुदी घरात जन्मून यहुदी म्हणजे काय ते शिकायला जर्मनीला जाणारा मी पहिलाच, असं काका चारचौघांत सांगत.

हॅनोव्हरजवळच्या एका गावातल्या छोट्या यहुदी मंडळीत पेसाखच्या (खमीर वर्ज्य असलेला आठ दिवसांचा सण) पहिल्या संध्याकाळचं जेवण पार पाडायचं, हे माझं प्रात्यक्षिक. आईचा नवस वेगळाच होता. "तिथल्या माणसांनी तुला आपलं म्हटलं, की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा वाट," ती फोनवर म्हणाली. एलियाहू हन्नाबी म्हणजे आमचा नवसाला पावणारा प्रेषित; मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. मलाही कोणीतरी आपलं म्हणायला हवंच होतं. वर्ष झालं, कोणी म्हटलं नव्हतं.

स्टेशनवर राया आजी आल्या होत्या. सत्तरीच्या, मूळच्या ओडेसाच्या, मंडळीचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. मी तिथेच फाइल उघडून कामाची वाटणी समजावू लागलो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि बटाट्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघर रिकामं दिसलं. संध्याकाळच्या त्या जेवणात एलियाहूसाठी पेला भरतात, तो यावा म्हणून दार उघडतात. तो स्वतःच येतोय, तर नवस थोडा आधी फेडायला काय हरकत आहे? मी सगळ्यांत मोठं पातेलं काढून पोहे भिजवले.

"हे काय?" राया आजी दारात उभ्या होत्या.

"पोहे. तांदळाचे."

त्या स्टुलावर बसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या सणात आम्हाला तांदूळ चालतो. त्यांच्याकडे, युरोपातल्या यहुद्यांत, तो स्वयंपाकघरातही आणत नाहीत. याच फरकावर मी वीस पानी निबंध लिहिला होता. मार्कही छान पडले होते.

"तीन दिवस घासलंय मी हे," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भिजलेले पोहे मी अंगणात उभा राहून एकट्याने संपवले. उरलेले कोरडे त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं. मग उकळतं पाणी आणि तारेची घासणी घेऊन मी संध्याकाळपर्यंत ओटा घासला.

"माफ करा, आजी."

"आल्झो, बरं तर, तो कोपरा राहिलाय."

जेवणाला मी ओल्या पँटमध्येच शेवटच्या खुर्चीवर बसलो. नेतृत्व राया आजींनीच केलं. पुढचे आठ दिवस मी बटाटे सोलले आणि तोंड बंद ठेवलं.

सण संपल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या मला स्टेशनवर सोडायला आल्या, हातात डबा. पोह्यांच्या पिशवीवर मी मोठ्या ऐटीत जर्मनमधून मलिद्याची कृती चिकटवली होती. ती त्यांनी वाचली होती, पण त्यांना पटली नव्हती. पोहे दुधात शिजवून त्यात आंबट सफरचंद घातलं होतं. पार पेज झाली होती.

"काल सण संपल्यावर हे सगळ्यांना वाटून आले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपला मुलगा निघालाय."

मला रडू आलं. फलाटावरच मी डबा चाटूनपुसून संपवला.

बर्लिनला पोचल्यावर फोनकार्ड घालून आईला फोन लावला.

"म्हटलं का रे कोणी आपलं?"

"म्हटलं."

"मग मलिदा वाटलास ना तू?"

"आई, कार्ड संपतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.