चंबू बघून चूल

"माझा चंबू कुणी नेला? अरे, चंबू कुठाय माझा?"

वकीलसाहेब व्हरांड्यातून ओरडत निघाले होते. अर्ध्या गालाची दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचा पंचा. आवाज असा, की किल्ल्याच्या खंदकातली बदकं उडून थेट खासबागेत जाऊन बसली म्हणतात. मी स्वतः ती पाहिली नाहीत. मी त्या वेळी तोच चंबू धोतराच्या सोग्याखाली धरून मागच्या दारानं परसात पळत होतो.

मी त्या हॉटेलचा मॅनेजर. वय पस्तीस, घरी बायको आणि तीन पोरं. मालक खानापूरला गेले होते आणि दिवेलागणीला परतणार होते. पहिल्या वर्गाच्या गिऱ्हाइकाचा चंबू मॅनेजरनंच पळवला, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. तरी मी पळत होतो. परसात एक म्हातारी परवाच्या संध्याकाळपासून पाण्याच्या थेंबाशिवाय बसली होती, आणि दिवस बुडायला दोन हात उरला होता.

आता चंबूचं प्रकरण सांगायला हवं. हॉटेलच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्वांची सारखी सोय'. ही पाटी बेळगावात एवढी प्रसिद्ध होती, की ती वाचायला कणकुंबीच्या रानातले वाघसुद्धा येऊन गेले असतील. आत मात्र मालकाचं गणित वेगळं. गिऱ्हाईक टांग्यातून उतरलं, की मी पायरीवर उभा. पायातल्या वहाणा बघायच्या, ट्रंकेचं कुलूप बघायचं, टांगेवाल्याशी कसा बोलतो ते ऐकायचं, आणि हातपाय धुवायला पाण्यानं भरलेला चंबू पुढं करायचा. बड्याला तांब्याचा, मधल्याला पितळेचा, बाकीच्यांना जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा. तोच चंबू मुक्काम संपेपर्यंत त्याच्याजवळ. बिचारं गिऱ्हाईक आपली पायरी आपल्याच हातानं उचलून हॉटेलभर हिंडायचं आणि त्याला गंध नसायचा. आचारी चंबू बघून तूप वाढायचा. तांब्याला धार, पितळेला थेंब, जर्मनला नुसता वास. गादीसुद्धा चंबू बघूनच मिळायची. जर्मनवाल्यांच्या खोल्यांतले ढेकूण इतके मुरलेले, की एक बाजू खाऊन झाली की माणसाला हलकेच कुशीवर वळवायचे.

परसात विहिरीजवळ पत्र्याखाली तीन चुली होत्या. बड्यांच्या आंघोळीचं पाणी तिथं तापायचं. ज्यांना हॉटेलातलं अन्न चालत नाही त्यांना हातानं रांधायलाही त्याच चुली. पण क्रम चंबूचा. आधी तांबं, मग पितळ, आणि जर्मनला चूल मिळायची दिवे लागल्यावर.

ह्या चुलींवर आणि विहिरीच्या दोरावर राज्य होतं पाणक्याचं. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला गडी, मिशा अशा की एका टोकावर कावळा आणि दुसऱ्यावर कावळी बसावी. मालकानं त्याला बजावलं होतं, "मॅनेजरच्या तोंडावर जाऊ नकोस. चंबू सांगेल ते खरं." हा अविश्वास माझ्यावर का, तर मागं एकदा मी माझ्या मावसभावाला कुठल्याशा संस्थानच्या दिवाणांचा जावई म्हणून चार दिवस तुपात बुडवला होता. तेव्हापासून पाणक्यापुढं माझा शब्द म्हणजे वारा.

त्या दिवशी दुपार कलल्यावर सदलग्याकडचं एक जैन जोडपं आलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं होतं. दोघंही अनवाणी, गुडघ्यापर्यंत धूळ, हातात गोणपाटाचं बोचकं. मी क्षणात निकाल दिला आणि जर्मनचा चंबू पुढं केला.

"ऱ्हाऊ दे, मॅनेजर," म्हातारा म्हणाला. "आमचा आमच्यासंगट हाय."

त्यानं बोचक्यातून स्वतःचा चंबू आणि पाणी गाळायचं दुहेरी फडकं काढलं. दुसऱ्याच्या भांड्याला तो हात लावणार नव्हता. पण नियम म्हणजे नियम. मी जर्मनचा चंबू त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून दिला. पाणक्यानं तो येताजाता पाहिला, आणि त्या जोडप्याचं नशीब ठरलं.

थोड्या वेळानं परसात गेलो तर म्हातारा विहिरीपाशी उभा. म्हातारी पत्र्याच्या खांबाला टेकून बसलेली. ओठ वाळून फुटलेले.

"चूल पायजे हुती," म्हातारा म्हणाला. "हे म्हणत्यात दिवं लागल्यावर."

"मग? तासाभराचा तर प्रश्न."

"दिस बुडाल्यावर आमाला पानी चालत न्हाय, मॅनेजर. काल चौदस. हिचा उपास, निरजळी. आज पहाटं निघालो तर मोटार वंटमुरीच्या घाटात बंद पडली. वाटंत काय घेत न्हाय आमी. पानीबी उकळल्यालंच लागतंय."

लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालायच्या. घाटात तर त्यांना उतारूच ढकलत न्यायचे. मी मनात हिशेब केला. परवा संध्याकाळ, कालचा दिवस, आज. आता चुकलं तर उद्याची सकाळ. म्हातारीचा चेहरा बघून ती सकाळ तिला दिसेल असं मला वाटेना. जैनांचं देऊळ, त्यांची बस्ती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथं जाऊन चूल पेटेपर्यंत अंधारच पडला असता.

"अवं," म्हातारीनं विचारलं, "दिस किती ऱ्हायला?"

म्हाताऱ्यानं मावळतीला, हिंडलग्याच्या दिशेला हात लांब धरून मापलं. "तीन हात."

मी पाणक्याकडं वळलो. "ह्यांना चूल दे."

"चंबू?"

"अरे, म्हातारी मरंल!"

"जर्मन हाय त्यांच्या दारात. हुकूम न्हाय."

"मी सांगतोय ना!"

"तुमी जावईबी सांगितला हुता," पाणक्या म्हणाला आणि लाकडं नीट रचू लागला.

हॉटेलात तांब्याचे चंबू दोनच. एक सात नंबरच्या खोलीत, तिला कुलूप, साहेब कोर्टात. दुसरा व्हरांड्यात दाढीला बसलेल्या वकीलसाहेबांच्या खुर्चीजवळ. मागून घ्यायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की पाटीसकट हॉटेल बसलं. वकीलसाहेबांनी न्हाव्यापुढं हनुवटी वर केली, डोळे मिटले, आणि मी चंबू उचलला.

तो मी चुलीशेजारी ठेवला. पाणक्या खाडकन उभा राहिला. म्हाताऱ्याला नाही, चंबूला त्यानं सलाम ठोकला. पुढचं मग पलटणीच्या वेगानं झालं. विहिरीतून बादली आली, सुकी लाकडं आली, मधली चूल भडकली. म्हाताऱ्यानं फडक्यातून पाणी गाळलं, एका पातेलीत ते उकळायला ठेवलं, दुसरीत मूठभर तांदळाच्या कण्या.

"दिस?"

"हातभर."

पातेलीतून नुकती वाफ येऊ लागली होती, तेवढ्यात फेसाळलेले वकीलसाहेब परसात पोचले.

"चोरा! हा इथं कसा?"

"साहेब, जरा..."

"जरा काय? पोलिसात देईन!" आणि त्यांनी चंबू उचलून काखेत मारला.

पाणक्यानं लगेच चुलीतल्या लाकडाला हात घातला. "चंबू गेला. चूल सोडा."

म्हातारा पुढं सरसावला. दोन्ही पंजे पातेलीवर आडवे धरून तो बसला, जणू पाखराच्या पिलावर घार आली आहे. म्हातारीला काही दिसत नव्हतं, ती फक्त आवाजाच्या दिशेनं मान वळवत होती.

"दिस हाय न्हवं?"

"हाय. वीतभर."

माझ्या जन्मात मी खरं बोललो असेन ते त्या दोन मिनिटांत. "साहेब, हा चंबू नव्हे, ही तुमची पायरी आहे. ह्या हॉटेलात चंबू बघून तूप, चंबू बघून गादी, चंबू बघून चूल. ह्या माउलीला दिवस बुडायच्या आत पाणी मिळालं नाही तर रात्र निघायची नाही. आणि हा गडी तांब्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

वकीलसाहेब तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. फेसाचा एक गोळा ओघळून छातीवर पडला. वाटलं, आता हा माणूस मला इथंच फाशी देतो.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तांब्याचा चंबू पहिल्या वर्गाला?"

"होय, साहेब."

"आणि तो सात नंबर?"

सात नंबरमध्ये त्यांच्या खटल्यातला समोरच्या पक्षाचा वकील होता. दुसरं तांबं त्याच्याकडं होतं.

"पितळ, साहेब."

"खरं?"

"ठेचलेलं पितळ."

"कुठं ठेचलेलं?"

"वीत उतरली," म्हातारा आकाशाकडं बघत म्हणाला. "चार बोटं."

"बुडाला, साहेब! चंबूच्या बुडाला!" मी किंचाळलो.

वकीलसाहेब असे हसले, की विहिरीतली कासवं वर आली. त्यांनी चंबू स्वतःच्या हातानं चुलीशेजारी ठेवला, पंच्यानं पुसलासुद्धा. "राहू दे. ठेचलेलं! वा!" पाणक्यानं परत सलाम ठोकला आणि लाकूड आत सारलं.

पाणी उकळलं. म्हातारा ते दोन भांड्यांत खालीवर ओतून निववू लागला. निवत कसलं, तिला ते चटके बसतच प्यावं लागलं. पहिल्या घोटाला तिला ठसका लागला, आम्ही तिघंही पुढं वाकलो. दुसरा घोट उतरला. तिसऱ्यानंतर तिनं दोन्ही हातांनी भांडं घट्ट धरलं.

"कण्या कच्च्या हायत," म्हातारा म्हणाला.

"असू देत."

"दोन बोटं."

ती खायला लागली. मी घास मोजत होतो. वकीलसाहेब मोजत होते. पाणक्याचेही ओठ हलत होते. अकरावा घास झाला आणि बारावा हातात असताना म्हातारा म्हणाला, "बुडाला."

तिनं घास तसाच पानात ठेवला. मी पश्चिमेकडं पाहिलं. माझ्या मते अजून नखभर शिल्लक होता, पण त्या माणसापुढं ते बोलायची माझी छाती झाली नाही.

दिवे लागले आणि हॉटेलात दंगा उडाला. वकीलसाहेबांनी पंगतीत सगळ्यांसमोर सात नंबरला त्याची पायरी सांगितली. सात नंबरनं खोलीतून लखलखीत तांबं आणून त्यांच्या पानापुढं आदळलं. मग जर्मनवाले चंबू बडवत उठले, आणि मालकाचा टांगाही तेव्हाच दारात थांबला. दोन्ही वकील आणि मालक अशा तिघांच्या तोंडून माझ्या नावाचा पुकारा ऐकला आणि मी जोडप्याच्या खोलीत शिरून दार लावलं. नोकरी गेलीच होती. निदान एका जागी तरी क्षमा मागून टाकावी, असं मनात आलं.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आवाजात आता बळ होतं. "काय गोंधूळ हाय भाईर?"

मी सगळं कबूल केलं. पायांची धूळ बघून मी तिला जर्मनमध्ये कसं टाकलं, त्यापायी चूल कशी अडली, सगळं. आणि शेवटी हात जोडून म्हणालो, "आक्का, माणसामाणसांत असा भेद करणाऱ्याला नरकातसुद्धा जागा नसेल."

"त्यात काय," म्हातारी म्हणाली. "आमच्यातबी शेतावरल्या गड्यांची ताटं गोठ्यातच असत्यात."