ड्रायरखालची माती

२०१७च्या जानेवारीत, एडमंटनमध्ये, माझ्या मुलाची नाळ गळून पडली आणि घरात पेच उभा राहिला. आई बाळंतपणासाठी कोल्हापूरहून आली होती. नाळ मातीतच पुरायची, हे तिचं ठाम म्हणणं. घराण्यात कुणाची नाळ कुठे पुरली आहे हे तिला तोंडपाठ. इथे मात्र अंगणात गुडघाभर बर्फ. नवऱ्याने एका जागचा बर्फ शोव्हलने बाजूला करून जमिनीवर पहार मारून पाहिली, ती टणकन उडाली.

"आई, ग्राउंड पूर्ण फ्रोझन आहे. स्प्रिंगपर्यंत विसरा," तो म्हणाला.

आईचं परतीचं तिकीट एप्रिलच्या सुरुवातीचं, आणि इथला स्प्रिंग येतो येतो म्हणत महिनाभर दारातच उभा राहतो. नाळ कापसात गुंडाळून एका डबीत गेली आणि डबी देवांच्या मागे.

मी विद्यापीठात ग्रीक पुराणकथा शिकवायचे आणि तेव्हा रजेवर होते. शिकवल्याशिवाय मला करमत नाही. त्यामुळे आई बाळाला तेल लावायची आणि मी तिला गायाच्या गोष्टी सांगायचे. गाया म्हणजे ग्रीकांची भूमाता. देवांची, दैत्यांची, डोंगरांचीसुद्धा आई. तिचा नवरा आकाश. तो पोरांना उजेडच दाखवेना, पुन्हा तिच्याच पोटात कोंबायचा. शेवटी तिने विळा घडवला आणि धाकट्याच्या हातात दिला, बापावर चालवायला.

"बरं केलं," आई म्हणाली. "किती सोसायचं बाईनं?"

मग मी गायाच्या पैलवान मुलाची गोष्ट सांगितली. त्याला कितीही आपटा, अंग जमिनीला लागलं की आईकडून नवं बळ मिळायचं. अखेर एका वीराने त्याला अधांतरी उचलून धरलं आणि तसंच आवळून मारलं. तेल लावता लावता आईचा हात थांबला. तिचे वडील कुस्तीवेडे, मैदान चुकवायचे नाहीत.

"आमच्याकडं पाठ मातीला लागली की हरला. आणि ह्याला उलटा जोर यायचा?" ती म्हणाली. "उचलून मारायचं ही कुस्ती न्हवं, लबाडी हाय."

त्या वीरावर ती चांगले दोन दिवस चिडून होती. त्यानंतर मात्र रोज सकाळी खिडकीशी उभी राहून विचारायला लागली, "वितळली का गं जमीन?"

खरं सांगायचं तर ती वितळू नये असंच मला वाटत होतं. डबी आईबरोबर जावी, आमच्या शेताच्या बांधाला पुरली जावी. दोन-तीन वर्षांत परत येऊ, असं आम्ही तिला फोनवर सांगत आलो होतो. पोराची नाळ तिकडे गेली तर ते खरं होईल, असं माझं वेडं मन मला सांगत होतं. एवढं शिकून हे असं! नवराही म्हणाला, "तुम्ही बॅगेतूनच घेऊन जा ना, सिंपल." आई नुसतं हूं म्हणाली आणि आम्ही ते होकार म्हणून धरलं.

निघायच्या आदल्या दुपारी आई घरात दिसेना. बाहेर जाऊन पाहते तर मागच्या भिंतीशी, माझा जाडा कोट घालून, उकिडवी बसलेली. बेसमेंटमधल्या ड्रायरची गरम हवा तिथून बाहेर पडते. बाळाचे कपडे रोज सुकवायचे, त्या उबेने खालची वीतभर जमीन काळी आणि मऊ झाली होती. बाकी अंगण अजून पांढरंच. आईने माझ्या चांगल्या कालथ्याने खड्डा खणला होता. शेजारी डबी उघडी, रिकामी.

"अगं, तू तिकडे नेणार होतीस ना?"

"मी कधी म्हटलं?" ती खड्ड्यात माती लोटत होती. "तिकडं पुरून काय करू? त्याला हितं चालायचंय."

मला एकदम रडू फुटलं. वीतभर मातीसाठी इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

"आई, येणार आहोत गं आम्ही परत. दोन-तीन वर्षांत."

"तू येशील," आई म्हणाली. "ह्यो पाहुणा म्हणून येईल."

आणि तळहाताने माती दाबत राहिली.