नानांवरची फुली

निशातगंजच्या रिझवानभाईंच्या छपाईच्या दुकानात माझ्या वडिलांवर फुली मारण्यात आली, तेव्हा ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

नानांना फोटोचा तिटकारा होता. लखनौला बदली झाल्यापासून त्यांचा एकच धड फोटो निघाला. मलिहाबादच्या बागेत, तोही दसहरी आंबा खाताना! शेजारच्या खुर्चीत मी. वर्षभर जेमतेम बोलणाऱ्या आईनं तो माझ्या हातात ठेवला. "वर्षश्राद्धाचं कार्ड कर. त्यांचा चेहरा हवा त्यावर. बाकी काही मागत नाही."

मी फोटो स्कॅन केला, मजकूर ऑफिसात टाइप केला, एक चौकट निवडली, सगळं फ्लॉपीत घेतलं आणि आम्ही मायलेक दुकानात जाऊन बसलो. (चपला बाहेर काढून! एसीही होता, पण तो संगणकासाठी. आम्हाला आपली त्याची झुळूक.)

"पहले सब फ़ाइलें इम्पोर्ट करेंगे," रिझवानभाई म्हणाले.

आई चरकली. "विनू, इम्पोर्टेड कशाला? इथलंच साधं चालेल. यांना फॉरेनचं काही आवडायचं नाही."

"आई, इम्पोर्ट म्हणजे नुसतं आत घ्यायचं."

"मग तसं म्हणावं की सरळ!"

आधी मजकूर आत गेला. पडद्यावर नुसते कंस, टक्के, प्रश्नचिन्हं! केवढा खपून लिहिला होता मी तो! रडगाणं नको, नावसुद्धा नको, चेहरा आहेच. फक्त 'ते गेले. आठवणी उरल्या.' आणि खाली आईचं नाव. रिझवानभाईंनी फॉन्ट बदलला आणि त्या कचऱ्यातून एकेक अक्षर वेलांटीसकट उभं राहिलं. मी खुर्ची पुढे ओढली. मग वेलबुट्टीची चौकट आली. ओढाल तेवढी वाढायची, पण रेघ कुठे फाटायची नाही. हे सगळं त्या चपट्या फ्लॉपीत मावलं होतं? हात जोडायचेच काय ते बाकी होते!

मग फोटो आला. म्हणजे एक करडा चौकोन आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारलेला.

"अगं बाई! नानांवर फुली!" आई उभीच राहिली.

"माताजी, तशरीफ़ रखिए. यह फ़ाइल ऐसी ही होती है. साहब अंदर हैं, बस परदे पर नहीं दिखते. छपाई में आ जाएँगे."

आई हळूच बसली. "आत आहेत?"

"बिल्कुल अंदर हैं."

ती त्या फुलीकडे बघत राहिली. घरातल्या रिकाम्या खुर्चीकडे आम्ही वर्षभर असंच बघत आलो होतो.

"मुझे काट दीजिए," मी म्हणालो. "सिर्फ़ पिताजी चाहिए, बाईं तरफ़ वाले."

"दिखेगा नहीं, जनाब. अंदाज़े से काटना पड़ेगा."

"अंदाज़े से सही!"

छापलेला गठ्ठा आला तेव्हा मजकूर मी अनुस्वारापर्यंत तपासला. फोटो बघायचा धीर झाला नाही, त्यावर अंगठा ठेवूनच वाचलं. आईनं तर चष्माच काढून ठेवला. पाकिटं चिकटवली, टपालात टाकली.

साताऱ्याहून काकांचा फोन आला. आवाज घोगरा. "वहिनींना द्या हो जरा. कोण, शेजारचे का?"

"काका, मी विनू."



"विन्या? तू... आहेस?"

"म्हणजे?"

"अरे, कार्डावर तू आहेस! मधोमध! डोळे मिटलेले, मान कलती, पोटावर पुस्तक. कडेला नाना मजेत आंबा खातोय. आणि खाली 'ते गेले'! नाना गेला ते ठाऊक आहे रे आम्हाला! तुझी काकू म्हणालीसुद्धा, विनूला कोण 'ते' म्हणेल? मी म्हटलं, गेल्यावर म्हणत असतील."

आईनं उरलेल्यातलं एक कार्ड काढलं, चष्मा लावला. नानांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. ती बघत राहिली आणि हसली. वर्षभरात पहिल्यांदाच, डोळ्यांना पदर लावून हसली. "आतच होते रे! खरंच आत होते!"

ते कार्ड तिनं चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. दुसरं छापू या म्हटलं तर ऐकेना. रोज ताजा हार घालते. पण हार मधोमध लोंबतो. नाना कडेला निवांत आंबा खातात आणि हार रोज माझ्या गळ्यात पडतो.